वाचकांचे प्रश्न : खात्रीच्या उपचारांची परीक्षा

गेल्या अंकातील हिवतापावरच्या टिपणात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘ट्रॉपिकल मेडिसिन आणि ग्लोबल हेल्थ’ या संशोधन केंद्राचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेली पत्रे अपेक्षेपेक्षा पुष्कळच अधिक निघाली आणि त्यांतील काहींचा सूर चक्क रागाचा आहे. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देणे शक्य नसल्याने सात पत्रे निवडली आहेत. प्रश्न थोडे आटोपशीर केले असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : ऑक्सफर्डमध्ये डास चावून कोणाला हिवताप होत नाही. मग तिथे बसून उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यास कसा होतो? शिवाय ‘ग्लोबल हेल्थ’ म्हणजे साहेबाच्या जुन्या ‘ट्रॉपिकल मेडिसिन’लाच दिलेले नवे नाव नव्हे काय? — निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर असे की, तो अभ्यास तिथे बसून होतच नाही. ऑक्सफर्डमध्ये केंद्राच्या इमारती आहेत, संख्याशास्त्रज्ञ आहेत, विद्यार्थी आहेत. परंतु केंद्राचा खरा पसारा आशियात आणि आफ्रिकेत आहे. १९७९ साली डेव्हिड वेदरॉल हे ऑक्सफर्डला वैद्यकाचे प्राध्यापक असताना बँकॉकच्या माहिडोल विद्यापीठाशी करार झाला आणि डेव्हिड वॉरेल नावाचे डॉक्टर तिथे कायमचा मुक्काम ठोकून काम करू लागले. १९८९ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासाच्या उत्तरेस असलेल्या किलिफी या गावी जिल्हा रुग्णालयाच्या आवारात केव्हिन मार्श यांच्या पुढाकाराने दुसरे ठाणे उभे राहिले. १९९१ मध्ये व्हिएतनाममधील हो ची मिन्ह शहराच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात तिसरे ठाणे आले. पुढे लाओस, नेपाळ आणि इंडोनेशियातही कामाच्या शाखा निघाल्या. यांपैकी जवळजवळ प्रत्येक ठाणे स्थानिक विद्यापीठाच्या किंवा सरकारी रुग्णालयाच्या छपराखाली आहे, आणि तिथे काम करणाऱ्यांत बहुसंख्य त्या त्या देशाचेच लोक आहेत.

दुसऱ्या भागाशी मी अर्धाअधिक सहमत आहे. लंडनची ट्रॉपिकल मेडिसिनची शाळा १८९९ मध्ये निघाली ती वसाहतींतले अधिकारी, शिपाई आणि मळ्यांवरचे मजूर टिकून राहावेत म्हणून; त्यामागे वसाहत खात्याचे मंत्री जोसेफ चेंबरलेन यांचे पाठबळ होते, हे लपवण्यासारखे नाही. त्याच्या दोनच वर्षे आधी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला, तेव्हा तेही हिंदुस्थानी सरकारच्या वैद्यकीय सेवेत लष्करी डॉक्टर होते. ‘ग्लोबल हेल्थ’ या शब्दाचा अर्थ त्याहून निराळा सांगितला जातो : रोग कोणत्या देशात आहे याला महत्त्व नाही, तर तो कोणाला गाठतो, उपचार कोणापर्यंत पोहोचत नाहीत आणि त्याचे उत्तर अनेक देशांनी मिळून कसे शोधायचे, याचा तो अभ्यास आहे. नाव बदलल्याने वृत्ती बदलतेच असे नाही. म्हणून अशा केंद्राची पारख त्याच्या नावावरून न करता त्याने नेमके कोणते प्रश्न विचारले आणि आलेली उत्तरे कोणाच्या उपयोगी पडली, यावरून करावी असे मला वाटते. पुढील पत्रांमुळे ते सोपे झाले आहे.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात परिचारिका म्हणून २६ वर्षे काम केले. पूर्वी मेंदूच्या हिवतापाच्या रुग्णाला क्विनाइनची बाटली लावत असू. नंतर आर्टेसुनेटची इंजेक्शने आली. हा बदल या केंद्रामुळे झाला असे आपण लिहिले होते. पण हे औषध तर चीनचे आहे ना? — निवृत्त परिचारिका, गडचिरोली

उत्तर : ताई, औषध चीनचेच. तू यूयू यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिंगहाव या वनस्पतीतून आर्टेमिसिनिन वेगळे काढले, त्याबद्दल २०१५ साली तू यांना नोबेल मिळाले, आणि आर्टेसुनेट हे त्याचेच इंजेक्शनने देता येणारे रूप आहे. ऑक्सफर्डच्या मंडळींनी औषध शोधले नाही. त्यांनी ते क्विनाइनच्या शेजारी ठेवून मोजले, आणि या मोजण्याचे महत्त्व आपल्याला मी वेगळे सांगायला नको, कारण क्विनाइनची रात्र आपण काढलेली आहे.

पूर्व विदर्भातील एका ग्रामीण रुग्णालयात उमेदवारीच्या काळात मीही त्या रात्री काढल्या आहेत. क्विनाइन शिरेतून झपाट्याने देता येत नाही. हृदयाची लय बिघडण्याचा धोका असल्याने ते ग्लुकोजच्या बाटलीत घालून चार-चार तास थेंब मोजत द्यावे लागते, आणि असे दिवसातून तीनदा. त्यात क्विनाइनमुळे शरीरात इन्शुलिन अधिक स्रवते आणि रक्तातील साखर एकाएकी घसरते. बेशुद्ध रुग्ण आधीच बेशुद्ध असल्याने ती घसरण बाहेरून दिसत नाही. पहाटे तीन वाजता बोटाला सुई टोचून साखर पाहायची, ती कमी निघाली की पुन्हा ग्लुकोज, आणि तोवर बाटली संपलेली असायची. आर्टेसुनेटचे तसे नाही. छोट्या कुपीत पांढरी पूड असते. त्यात सोबतचे सोड्याचे द्रावण घातले की ती क्षणभर गढूळ होते, हलवल्यावर काचेसारखी स्वच्छ होते, मग पातळ करून दोन मिनिटांत शिरेत दिली की काम झाले. पहिली मात्रा दिल्यावर बारा तासांनी दुसरी आणि चोवीस तासांनी तिसरी.

सोयीचे औषध अधिक चांगले असतेच असे मात्र नाही, आणि क्विनाइनच्या मागे तीन शतकांचा लौकिक होता. म्हणून बँकॉकच्या ठाण्याने बांगलादेश, म्यानमार, इंडोनेशिया आणि भारत या चार देशांत गंभीर हिवतापाच्या रुग्णांपैकी निम्म्यांना एक आणि निम्म्यांना दुसरे औषध चिठ्ठी टाकून दिले. भारतातले रुग्ण राउरकेलाच्या इस्पात रुग्णालयातले होते. एकंदर १,४६१ रुग्णांपैकी क्विनाइन मिळालेल्यांत २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट मिळालेल्यांत १५ टक्के. हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी शिफारस बदलली. आफ्रिकेतील तज्ज्ञांनी मात्र रास्त शंका काढली की, आशियातील प्रौढांवरचा निष्कर्ष आफ्रिकेतील लहान मुलांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तेव्हा नऊ देशांतील ११ रुग्णालयांत ५,४२५ मुलांवर तीच तुलना पुन्हा झाली. २०१० मध्ये आकडे आले ते १०.९ विरुद्ध ८.५ टक्के मृत्यू असे, म्हणजे पुन्हा आर्टेसुनेटच्याच बाजूचे. मुलांसाठीची शिफारस २०११ मध्ये बदलली. आपल्या वॉर्डात क्विनाइनची बाटली जाऊन कुपी आली, त्यामागची हकिगत ही अशी आहे.

एक गोष्ट जोडतो. याच ठाण्यातील आर्येन डोंडॉर्प, निक व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली कंबोडियातील पैलिन भागातून वाईट बातमी आणली : वायव्य थायलंडमधील रुग्णांच्या रक्तातून परजीवी नाहीसे व्हायला साधारण ४८ तास लागत होते, तिथे पैलिनमध्ये ८४ तास लागत होते. औषधाला परजीवी दाद देईनासा होऊ लागला होता. आर्टेमिसिनिनच्या गोळ्या एकट्या देऊ नयेत, दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच द्याव्यात, असा जो आग्रह धरला जातो आणि जो आपल्या जिल्ह्यातही आशा कार्यकर्त्यांना शिकवला जातो, त्यामागे हीच धास्ती आहे.

प्रश्न : करोनाच्या पहिल्या लाटेत स्टिरॉइड म्हणजे संजीवनी असे सांगण्यात आले. दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीचा दोष त्याच स्टिरॉइडवर आला. माझ्या मेहुण्याचा एक डोळा त्यात गेला. संशोधनाने आज एक आणि उद्या दुसरे सांगायचे असेल, तर आम्ही विश्वास कशावर ठेवायचा? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या मेहुण्यांच्या बाबतीत घडले ते अत्यंत क्लेशकारक आहे आणि त्याचे समर्थन कोणत्याही आकड्याने होणार नाही. परंतु संशोधनाने आज एक आणि उद्या दुसरे सांगितले, हे मात्र बरोबर नाही. ते जे सांगत होते त्यातले निम्मेच वाक्य आपल्यापर्यंत पोहोचले.

या औषधाचे, म्हणजे डेक्सामेथासोनचे, या केंद्राशी फार जुने नाते आहे. मेंदूच्या हिवतापात मेंदूला सूज येते असे मानून जगभरचे डॉक्टर बेशुद्ध रुग्णाला डेक्सामेथासोन देत असत. तर्क इतका सरळ होता की तो तपासावा असे फारसे कोणाला वाटत नव्हते. वॉरेल आणि त्यांच्या थाई सहकाऱ्यांनी थायलंडमध्ये शंभर बेशुद्ध रुग्णांवर तो तपासला. रुग्णाला किंवा उपचार करणाऱ्याला, कोणालाच कोणाला खरे औषध चालू आहे आणि कोणाला नुसते पाणी, हे ठाऊक नव्हते. १९८२ साली निष्कर्ष आला : डेक्सामेथासोन मिळालेले आणि वाचलेले रुग्ण शुद्धीवर यायला सरासरी ४७ तासांऐवजी ६३ तास लागले, आणि न्यूमोनिया व पोटातील रक्तस्राव यांसारखी गुंतागुंत त्यांच्यात अधिक झाली. जे भल्यासाठी दिले जात होते तेच अपाय करत होते.

एवढ्यावरून स्टिरॉइड वाईट असा निकाल देऊन कोणी मोकळे झाले असते, तर ती दुसरी चूक ठरली असती. व्हिएतनामच्या ठाण्यात गाय थ्वेट्स आणि त्यांच्या व्हिएतनामी सहकाऱ्यांनी क्षयरोगामुळे मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या ५४५ रुग्णांवर हेच औषध तपासले. २००४ साली आलेल्या निष्कर्षात मृत्यूंचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांपर्यंत उतरलेले दिसले. मात्र वाचलेल्यांमधील गंभीर अपंगत्व त्याने कमी झाले नाही. पुढे एचआयव्हीबाधित रुग्णांसाठी हाच प्रश्न वेगळा विचारला गेला, आणि व्हिएतनाम व इंडोनेशियातील ५२० रुग्णांवरच्या अभ्यासातून २०२३ मध्ये उत्तर आले की त्यांना याचा लाभ होत नाही.

आता करोना. ब्रिटनमधील रुग्णालयांत झालेल्या मोठ्या तुलनेचे एक प्रमुख पीटर हॉर्बी हे तेव्हा याच केंद्रात होते. त्यापूर्वी ते कित्येक वर्षे हनोईत होते. जून २०२० मध्ये त्यांनी सांगितले ते असे : व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूंचे प्रमाण ४१ वरून २९ टक्क्यांवर आले, नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांत ते २६ वरून २३ टक्क्यांवर आले, आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काहीही फायदा झाला नाही, उलट आकडे किंचित अपायाकडेच झुकलेले होते. मात्रा रोज सहा मिलिग्रॅम, आणि तीही अधिकात अधिक दहा दिवस. या सगळ्यातील ‘स्टिरॉइडने प्राण वाचतात’ एवढेच गावोगाव गेले. २०२१ च्या उन्हाळ्यात घरीच बसलेल्या, ऑक्सिजन चांगला असलेल्या, मधुमेही माणसांनाही मोठ्या मात्रेत आणि आठवडेच्या आठवडे ती इंजेक्शने मिळाली. स्टिरॉइडने साखर वाढते, प्रतिकारशक्ती मंदावते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. बुरशीची कारणे आणखीही होती, परंतु हे कारण टाळता येण्याजोगे होते, आणि ते टाळण्याची सूचना मूळ निष्कर्षातच होती.

आपल्याकडेही त्या काळात असे मोजण्याचे चांगले काम झाले, त्याची आठवण कोणी काढत नाही म्हणून मी काढतो. बरे झालेल्यांचा प्लाझ्मा मिळवण्यासाठी नातेवाईक रात्री-बेरात्री फोन फिरवत होते, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर तुलना करून २०२० मध्येच सांगितले होते की, प्लाझ्माने आजार गंभीर होणे किंवा मृत्यू टळत नाहीत. तरीही पुढच्या लाटेत धावपळ तशीच चालू राहिली.

प्रश्न : सलाईनने मुले दगावतात असे या केंद्राचे संशोधन आहे, असा संदेश आमच्या गटात फिरतो आहे. माझ्या दवाखान्यात रोज चार जण ‘एक बाटली लावा’ म्हणून हटून बसतात. त्यांना हे सांगू का? — एक डॉक्टर, लातूर जिल्हा

उत्तर : तो संदेश जसाच्या तसा पुढे पाठवू नका. अभ्यास खरा आहे. त्याचे तात्पर्य अर्धवट आहे.

किलिफीच्या ठाण्यात राहून काम करणाऱ्या, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या कॅथरीन मेटलँड यांनी केनिया, युगांडा आणि टांझानियातील सहा रुग्णालयांत हा अभ्यास केला. तीव्र तापाने फणफणलेले, हातपाय गार पडलेले, नाडी क्षीण झालेले मूल आले की त्याला अर्ध्या-एक तासात झपाट्याने सलाईन द्यायचे, हे जगातील सर्व पाठ्यपुस्तकांत होते. आफ्रिकेतील रुग्णालयांत मनुष्यबळाअभावी तसे होत नव्हते, आणि ते झाले तर किती मुले वाचतील हे दाखवून द्यावे, अशा अपेक्षेनेच काम सुरू झाले. म्हणजे शंका घेणाऱ्यांचे नव्हे, तर विश्वास असणाऱ्यांचे हे काम होते, आणि मला त्यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते. ३,१४१ मुले दाखल झाल्यावर जानेवारी २०११ मध्ये देखरेख समितीने अभ्यास थांबवला. झपाट्याने सलाईन किंवा अल्ब्युमिन (रक्तातील एका प्रथिनाचे द्रावण) मिळालेल्या मुलांत ४८ तासांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मृत्यू झाले होते, आणि ज्यांना असे काही न देता केवळ रोजच्या गरजेपुरता द्रव दिला त्यांत ७.३ टक्के.

आता आपल्या रुग्णांबद्दल. जुलाब-उलट्यांनी सुकलेली मुले या अभ्यासात मुळातच घेतलेली नव्हती, आणि गंभीर कुपोषित मुलेही नव्हती. तेव्हा जुलाबाच्या मुलाचे सलाईन किंवा ओआरएस या निष्कर्षाचा दाखला देऊन कोणी बंद केले, तर हकनाक जीव जाईल. ‘अशक्तपणा वाटतो, एक बाटली लावा’ म्हणणाऱ्या धडधाकट माणसाशी तर या अभ्यासाचा संबंधच नाही. त्याला बाटलीची गरज नाही हे सांगायला केनियापर्यंत जावे लागत नाही, आणि हे आपणही जाणता. संबंध आहे तो एवढ्याच ठिकाणी : तापाने शॉकमध्ये आलेले मूल, जवळ अतिदक्षता विभाग नाही, आणि आपला हात सलाईनचा वेग वाढवायला जातो आहे. तिथे हात आवरावा, मूल पुन्हा पुन्हा तपासावे, आणि वरच्या रुग्णालयात पाठवण्याची तयारी त्याच वेळी सुरू करावी.

प्रश्न : हे सर्व प्रयोग गरीब देशांतील रुग्णांवर का? ब्रिटनमधील मुलांना चिठ्ठ्या टाकून औषध दिले असते काय? — विधी शाखेची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : करोनाच्या वेळी ब्रिटनमधील हजारो रुग्णांना अशाच चिठ्ठ्यांनी औषधे दिली गेली, हे वर आलेच आहे. आणि मेंदूच्या हिवतापाचे रुग्ण जिथे आहेत तिथेच त्याच्या औषधाची तुलना करावी लागणार. अन्यथा लंडनमधील निष्कर्ष किलिफीला लावण्याची जुनीच खोड चालू राहील, आणि त्याचे परिणाम सलाईनच्या बाबतीत दिसले. परंतु एवढ्याने आपला प्रश्न संपत नाही, हेही मान्य करतो.

मुंबईला याची आठवण आहे. प्लेगच्या काळात वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत लस बनवली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची परीक्षा केली. कैदी स्वेच्छेने पुढे आले असे नोंदले आहे. तुरुंगात स्वेच्छा म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. आज तो विचारावा लागतो, आणि तुरुंगाच्या जागी आजारी मुलाला पोटाशी धरून रांगेत उभी असलेली आई ठेवली तरी प्रश्न तसाच राहतो, कारण संमतिपत्रावर अंगठा उठवताना ‘नाही म्हटले तर डॉक्टर उपचार करतील ना?’ एवढेच तिच्या मनात असते.

थायलंड आणि म्यानमारच्या सीमेवर माए सोत येथे केंद्राची जी शाखा निर्वासित आणि स्थलांतरित मजुरांत काम करते, तिने २००९ साली त्याच समाजातील, वैद्यकाशी संबंध नसलेल्या, माणसांचे सल्लागार मंडळ नेमले. अभ्यास सुरू होण्यापूर्वी तो त्यांच्यापुढे मांडायचा, किती रक्त घेणार, किती वेळा घेणार, वाटखर्च देणार की नाही, हे त्यांच्याशी बोलायचे, अशी पद्धत आहे. किलिफीतही गावोगावचे लोकप्रतिनिधी असे काम करतात. याने सत्तेचा तोल बरोबरीचा होतो असे मी म्हणणार नाही. पैशाचा मोठा वाटा लंडनच्या वेलकम ट्रस्टचा आहे (औषधविक्रेते हेन्री वेलकम १९३६ मध्ये वारले आणि कंपनी या न्यासाच्या नावे करून गेले), आणि जिथून पैसा येतो तिथूनच कोणता प्रश्न महत्त्वाचा हे ठरण्याची भीती कायम असते. लेखांवर स्थानिक संशोधकाचे नाव कितव्या क्रमांकावर येते, रक्ताचे नमुने कोणत्या देशाच्या शीतपेटीत राहतात, आकड्यांची मालकी कोणाची, हे वाद आजही मिटलेले नाहीत. आपण कायद्याच्या विद्यार्थिनी आहात, म्हणून सुचवतो : भारताचे २०१९ चे नवी औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्यांविषयीचे नियम मुळातून वाचावेत, विशेषतः इजा झाल्यास भरपाई कोणी आणि केव्हा द्यायची हा भाग. संशोधकांच्या चांगुलपणावर विसंबण्यापेक्षा तो अधिक उपयोगी आहे.

आणि विद्यापीठ पाठीशी नसतानाही रुग्णाजवळ बसून प्रश्न विचारता येतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. महाडला डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवला. पुढे विंचवाचे प्रतिविष सोबत दिल्यास काय होते याची ७० रुग्णांवर तुलना करून २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. कोकणातील शेतमजूर तिथे दूरच्या विद्यापीठाच्या अभ्यासाचा विषय नव्हता. तो त्यांचा रोजचा रुग्ण होता.

प्रश्न : हिवतापाची नवी लस ऑक्सफर्डची आणि ती तयार होते पुण्यात. मग ती आपल्या मुलांना का मिळत नाही? — एक वाचक, पुणे

उत्तर : लस ऑक्सफर्ड विद्यापीठातील जेनर संस्थेने विकसित केली, ती संस्था वेगळी, तरी किलिफीसारखी ठाणी तिच्या चाचण्यांत होती. उत्पादन सीरम इन्स्टिट्यूटचे. बुर्किना फासो, केनिया, माली आणि टांझानिया येथील मुलांवर तिची मोठी चाचणी झाली, एप्रिल २०२३ मध्ये घाना देशाने तिला प्रथम मान्यता दिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. ती फॅल्सिपॅरम या प्रकारच्या हिवतापापासून संरक्षण देते; भारतात बऱ्याच भागांत आढळणाऱ्या व्हायव्हॅक्सवर तिचा उपयोग नाही. पुण्यातील मुलाला या लसीची गरज नाही. गडचिरोलीत फॅल्सिपॅरम आहे, तिथला प्रश्न विचारण्याजोगा आहे, परंतु तिथेही आफ्रिकेसारखी पाच वर्षांखालील मुले मोठ्या संख्येने दगावण्याची स्थिती नाही. किती मुलांना टोचल्यावर एक मृत्यू टळेल आणि तेवढ्याच खर्चात मच्छरदाण्या, रक्ततपासणी आणि आशा कार्यकर्तीजवळच्या गोळ्या यांतून किती टळतील, हा हिशेब आपल्या आकड्यांवर आपल्यालाच मांडावा लागेल.

प्रश्न : माझी मुलगी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. तिला अशा केंद्रात काम करायचे आहे. डॉक्टर नसताना ते शक्य आहे का? — पालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नक्कीच शक्य आहे, आणि तिची गरज डॉक्टरपेक्षा कमी नाही. वर आलेला एकही निष्कर्ष संख्याशास्त्रज्ञाशिवाय उभा राहिला नसता. अभ्यास केव्हा थांबवायचा हे सांगणाऱ्या देखरेख समितीतही संख्याशास्त्रज्ञ असतोच. ऑक्सफर्डच्या या केंद्रात आंतरराष्ट्रीय आरोग्य आणि ट्रॉपिकल मेडिसिन या विषयाचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि त्यात डॉक्टर नसलेलेही येतात. खर्च मोठा असतो, म्हणून शिष्यवृत्तीची खात्री झाल्याशिवाय कर्ज काढू नये.

त्याआधी तिने जवळचे एक ठिकाण पाहावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांत, वढू येथे मुख्य ठाणे ठेवून, २००२ पासून घरोघरच्या जन्म-मृत्यूंची आणि स्थलांतराची सलग नोंद ठेवली आहे. किलिफीतील अडीच लाखांहून अधिक लोकांची नोंद याच जातीची. परवानगी मिळाली तर एखादा आठवडा तिने क्षेत्रकर्मचाऱ्याबरोबर घरोघर हिंडावे. दार उघडणारी आजी ‘मागच्या खेपेला सांगितलं की सगळं’ म्हणते, सून माहेरी गेलेली असते, बाळाची जन्मतारीख ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ अशी मिळते, आणि त्यातून तक्त्यातला एक रकाना भरतो. ते करून पाहिल्यावरही तिला हे काम आवडले, तर अर्ज कसा लिहावा यासाठी तिने मला पुन्हा पत्र पाठवावे.